टोपणनावांची वही

पाकिटावर आडनाव नसायचंच.
ब्वेनोस आइरेसहून महिनाभर पाण्यावरून आलेलं,
कोपरे मऊ पडलेलं पाकीट,
आणि वर एवढंच:
पाणभाकरीची मधली मुलगी,
अंजिराच्या खालचं घर,
अर्बेइदो, गॅलिसिया.

मी पोचवायचो. चौतीस वर्षं.
सायकलवर अकरा, मग गुडघ्याने सांगितलं, बाबा, पायी.
म्हणून मला सायकल म्हणतात.
निदान तोंडावर.

निम्मं गाव कास्त्रो,
उरलेलं निम्मं कास्त्रोंचे जावई,
तिथे आडनावाने कोण सापडणार?
चर्चमध्ये नाव ठेवतात.
धुण्याच्या दगडांवर नावं ठेवतात.
टिकतात ती दुसरी.

साडेतीन: कारण चौथं बोटीवर जन्मलं
आणि कुठल्याच गावाने लिहून घेतलं नाही.
गप्प: यांच्या पाच पिढ्या बोलायच्या थांबलेल्या नाहीत.
घंटेआधी. उसनं मीठ.
सासूचं छप्पर.

डबाबंद सार्डिनचा कारखाना मिटला,
घरं उन्हाळ्यापुरत्या माणसांनी घेतली,
दारांवर आकडे आले, निळे, चकचकीत.
नवी पोस्टातली पोरगी फोन करून विचारते,
"काका, हे अंजिराचं झाड कुठंय?"
झाड कुठलं. तिथे गाड्या उभ्या असतात.
त्या दिवशी मी वही आणली.

दर गुरुवारी, जाळी विणायच्या जुन्या खोलीत,
जे चालू शकतात ते येतात
आणि भांडतात.
बाल्बिना एक्याण्णव वर्षांची.
नाव आठवताना तिची बोटं
टेबलावर अजून मासे रचतात,
डोकं, शेपूट, डोकं, शेपूट,
आणि डबा भरला की नाव येतं.

एक्केचाळिसाव्या पानावर एक ओळ कोरी होती.
सगळ्यांना ठाऊक होतं कुणाची.
त्या घराचं नाव बोट.
बंदरातली नव्हे. हाताचं.
छत्तीस साली, ऑगस्टातल्या एका रात्री,
चौकात कंदिलाखाली जे उचललं गेलं
आणि चार दारांकडे वळलं.
चार माणसं टेकडी चढली.
टेकडी तेवढी परत आली रोज सकाळी, खिडकीत.

नोव्हेंबरात त्या घरची नात आली. इसिया.
व्हिगोत लिफ्ट दुरुस्त करते, नखांत ग्रीस.
वही उलगडली, पुन्हा पहिल्यापासून उलगडली.
"आमचं कुठंय?"

मी चष्मा पुसला. आधीच स्वच्छ होता.
कुणी खिडकीबाहेरच्या हवामानाबद्दल काही म्हणालं.
बाल्बिनाची बोटं थांबली.
त्या चार दारांतलं एक तिचं.
"बोट," ती म्हणाली. "तुम्ही बोट.
लिही. ह्रस्व-दीर्घाची भानगड नाही त्यात."

पोरीने स्वतःच्या हाताने लिहिलं,
कागदावर ग्रीसचा ठसा राहिला.
मग विचारलं, "आणि ते चार?"
बाल्बिनाने सांगितले. चौथ्याला 'पिरिको' म्हणत.
त्याचा अर्थ आता कुणालाच येत नाही.
तसाच लिहिला.

मग, का कोण जाणे, मी बोललो.
एकाहत्तर साली त्या घरी एक पत्र आलं होतं,
पाठवणाऱ्याने पत्त्यात तेच लिहिलेलं:
बोटाच्या घरी.
मी पोस्टाच्या मागच्या पायरीवर बसून
दाढीच्या ब्लेडने तो शब्द खरवडला,
कागद फाटू न देता,
आणि पत्र दाराखालून सरकवलं.
कुणाला कळलं नाही.

खोलीत कुणी चकित झालं नाही.
गप्पांचा थोरला सुद्धा गप्प.
बाल्बिना जाळीच्या सुयांकडे बघत म्हणाली,
"तुला काय वाटलं, सायकलवरून म्हणतो आम्ही तुला?
ते तुझ्यासमोर.
पन्नास वर्षं तू ब्लेड आहेस."

इसियाने वही माझ्याकडे सरकवली.
पेन अजून उघडंच होतं.